मोठ्याने वाचताना

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही. दोघीतिघींनी फोन करून विचारलंही, "मावशी, बऱ्या आहात ना?" बरी आहे हो! गुडघे सोडले तर तक्रार नाही. परीक्षा चालू होती, म्हणून लिहायला बसणं झालं नाही. परीक्षा माझी नव्हे. पण पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईला दुसऱ्याच्या पेपरच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, याला काय म्हणावं! आमचे हे म्हणाले, "अगं, तू तुझ्या बी.ए.ला एवढी घाबरली नव्हतीस." खरं आहे ते.

तर सांगते. आमच्या मागच्या गल्लीत मुलींचं वसतिगृह आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी २०२२ साली तिथे राहायला आली. जन्मापासून तिला दिसत नाही. अंधशाळेत दहावी झाली, तालुक्याला बारावी, आणि मग मराठी घेऊन बी.ए. करायला पुण्यात. तिला पुस्तकं वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. भजनी मंडळातल्या एकीनं माझं नाव सुचवलं. मी मराठी शाळेत चौतीस वर्षं मराठीच शिकवलेलं. त्यात माझं मोठ्यानं वाचन चांगलं, असं सगळे म्हणायचे. स्नेहसंमेलनात, बक्षीस समारंभात, अहवाल वाचायला कायम मीच. तेव्हा मी ऐटीत हो म्हटलं. आठवड्यातून दोन दुपारी.

मुलीचं नाव लिहीत नाही. तिनंच बजावलंय. "तुम्ही लिहाल, मग लोक म्हणतील किती प्रेरणादायी! आजी, मी फक्त बी.ए. करतेय."

पहिल्या दिवशीची गंमत ऐका. ती आली, बसली आणि मी जे बोलायला सुरुवात केली ते अगदी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. पाच मिनिटं तिनं सहन केलं. मग हळूच म्हणाली, "आजी, मला ऐकू येतं. दिसत नाही फक्त." हे आतल्या खोलीत होते, तिथून हसू ऐकू आलं. निघताना रस्ता ओलांडायला मी तिचा दंड गच्च धरून तिला ओढू लागले, तर तेही चुकीचं. तिनं माझा हात सोडवला आणि माझ्या कोपराला हलकेच धरलं. मी अर्धं पाऊल पुढे, ती मागे. मी पायरी उतरले की तिला ते माझ्या कोपरावरून कळतं. चौतीस वर्षं शिकवून झाल्यावर मला कोणीतरी शिकवत होतं, आणि चिडत नव्हतं.

माझी समजूत अशी होती, की अंध मुलं सगळं ब्रेलमध्ये वाचतात. पण बी.ए.ची मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये मिळणार कुठे? तिचा खरा आधार फोन आणि लॅपटॉप. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारे प्रोग्राम असतात. त्यातला एनव्हीडीए नावाचा २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं सुरू केला आणि तो फुकट मिळतो. ते मराठीही वाचतं. आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा, पण वाचतं. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा.

आता युनिकोड म्हणजे काय हे मला कुठे माहीत! ते असं कळलं. तिच्या एका सरांनी नोट्स पाठवल्या आणि फोन नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडायला लागला. मी चष्मा लावून पाहिलं तर छान मराठी दिसत होतं! मग कळलं, की छापखान्यातले जुने मराठी फॉन्ट डोळ्यांना मराठी दाखवतात, पण यंत्राच्या लेखी आत वेगळीच अक्षरं असतात. डोळसाला फसवणारं मराठी म्हणा ना. दुसऱ्या एका बाई हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकत. ते तर फोनला 'चित्र' एवढंच कळायचं. मी म्हटलं, "थांब, मी बोलते तुझ्या सरांशी." ती म्हणाली, "नको. मी बोलते. तुम्ही बोललात तर ते तुमचं ऐकतील, आणि पुढच्या वेळी मला परत तुम्हालाच न्यावं लागेल." ती बोलली. सर बिचारे भलेच होते, त्यांना कोणी हे सांगितलंच नव्हतं. आता ते फोनवरच मराठी टाइप करून पाठवतात, आणि बाकीच्या मुलांनाही ते सोयीचं झालंय. चार आण्याचा खर्च नाही.

पुस्तकं मी वाचते आणि ती फोनवर रेकॉर्ड करते. एकदा मला शंका आली, की अख्खं पुस्तक असं रेकॉर्ड करणं म्हणजे चोरी तर नव्हे? शाळामास्तरणीचा स्वभाव, नियम मोडायचा नाही! तर २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते वाचता येईल अशा रूपात आणायला मोकळीक मिळाली, हे तिनंच सांगितलं. तिची एक मैत्रीण मुंबईत असते, तिच्याकडून तिला पुष्कळ कळतं. तिथे सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून वेगळं केंद्र आहे. प्रत्येक कॉलेजात असं केंद्र होईल तेव्हा होईल, तोवर आमच्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्या आहेतच.

एके दिवशी शुद्धलेखनावरून विषय निघाला. ऐकून ऐकून शिकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळणार कसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ब्रेलमध्ये कळतं. आणि आमच्यात वेलांटी उडी मारत नाही." म्हणजे काय? तर बघा, आपण 'कि' लिहितो तेव्हा पहिली वेलांटी आधी काढतो आणि 'क' नंतर. बोलताना मात्र 'क' आधी आणि 'इ' नंतर. ब्रेलमध्ये जसं बोलतो त्याच क्रमाने टिंबं येतात, आधी 'क', मग 'इ'. मी इतकी वर्षं वेलांट्या तपासल्या, पण ही पहिली वेलांटी उच्चाराच्या उलट बसते हे कधी मनातही आलं नव्हतं.

आणि त्या रात्री मला एक मुलगा आठवला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते. लिहायचं की नाही हे ठरवण्यातच आठ दिवस गेले.

परीक्षा आली तेव्हा मी पदर खोचून तयार. म्हटलं, तू सांग, मी लिहिते. माझं अक्षर बघ, मोत्यासारखं! ती हसायला लागली. "आजी, तुम्ही चालत नाही. तुम्ही बी.ए. आहात." नियमच तसा होता. सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे विद्यार्थ्यानं स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा शिक्षणानं एक पायरी खाली हवा, म्हणजे लेखनिकच उत्तरं लिहून मोकळा होऊ नये. योग्यच आहे. पण माझी पदवी आयुष्यात पहिल्यांदाच आडवी आली :)

मग अकरावी-बारावीची मुलं शोधायची मोहीम. मी सगळ्या ओळखीपाळखी पालथ्या घातल्या. एक आई म्हणाली, पुण्याचं काम आहे हो, पण क्लास बुडतो. दुसरीनं विचारलं, पैसे किती? तिसरीची मुलगी तयार झाली. लेखनिकाला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला चार तास. ऐकून तिसरीच म्हणाली, "मग काय, मज्जाच की!"

मज्जा कसली ते पाहायचं म्हणून मी घरी एक प्रयोग केला. डोळ्याला ओढणी बांधली, आमच्या ह्यांना समोर बसवलं आणि 'माझे आवडते साहित्यिक' यावर दोन पानं तोंडी सांगायला घेतली. तुम्हीही करून बघा. आधी काय सांगितलं ते दिसत नाही, म्हणून "मागचं वाचा" म्हणावं लागतं. ते वाचतात तोवर पुढचं विसरतं. "'साहित्यिक'मध्ये वेलांट्या कुठल्या?" असं ह्यांनी विचारलं की वाक्याचा धागा तुटतो. दोन पानांना आम्हाला पाऊण तास लागला आणि एक भांडण झालं. सवलत हा शब्द मी त्या दिवसापासून सोडला. तो जादा वेळ सवलतीचा नसतो, जो वेळ नुसता हस्तांतरात गळून जातो त्याची भरपाई असते.

आणि मे २०२३ मध्ये, पेपरच्या आदल्या दुपारी, ठरलेल्या लेखनिक मुलीच्या वडिलांचा फोन. सीईटी तोंडावर आहे, जमणार नाही. ती मुलगी माझ्यासमोर बसली होती. रडली नाही. नुसती फोनवर बोटं फिरवत राहिली. मला मात्र काही सुचेना. मी जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावत सुटले. सातवा की आठवा फोन त्या मुलाचा लागला. मुलाचा म्हणजे, आता पन्नाशीच्या घरातल्या गृहस्थाचा. त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, माझी मुलगी नुकतीच अकरावी झालीय, सुट्टीच आहे. पाठवतो." मग थोडं थांबून, "काळजी करू नका, तिचं शुद्धलेखन माझ्यासारखं नाही."

हे तो हसत म्हणाला. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला.

१९८७-८८ साली तो माझ्या वर्गात आठवीला होता. गणितात हुशार, सायकलची चेन डोळे मिटून बसवणारा, पण वही म्हणजे जंगल. 'ब'चा 'व', 'भ'चा 'म', जोडाक्षरं फुटलेली, आणि पहिली वेलांटी कायम पलीकडच्या अक्षराला. मला वाटायचं, लक्ष नाही. आळस. प्रत्येक चुकलेला शब्द दहादा लिहून आण. तो दहादा लिहायचा आणि दहाही वेळा चुकायचा, त्यातही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी! माझा संताप व्हायचा. दहावीला मराठीत नापास झाला, पुन्हा बसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः मुलीला घेऊन आला. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणाले, आदल्या दिवशी नाव दिल्याशिवाय लेखनिक बदलता येत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या मुलीनं फोन काढला आणि अडचणीच्या वेळी लेखनिक बदलण्याची मुभा द्यावी असं सांगणारा सरकारी सूचनांतला परिच्छेद लावला. भरल्या ऑफिसात त्या रेल्वे स्टेशनच्या आवाजात नियम वाचला जाऊ लागला. आदल्या दुपारी ती फोनवर बोटं फिरवत होती ती हेच शोधत होती! क्लार्कनी फॉर्म पुढे केला.

पेपर सुरू झाला. आम्ही दोघं समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो, चार तास काढायचे होते. तिथे तो बोलला. त्याचा धाकटा मुलगा दहावीला होता. त्याचीही वही तशीच. पण शाळेनं तपासायला पाठवलं, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, जादा वेळ मिळाला. "ते डॉक्टर बाई त्याची तपासणी करत होते ना, तेव्हा मला कळलं, की हे माझंच चाललंय."

मी म्हटलं, "मी तुला फार मारलं का रे?" कुठेतरी वाटत होतं, तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "मारल्याचं काही नाही बाई. सगळेच मारायचे. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचात. जशी लिहिलीय तशी. सगळे हसायचे. ते लक्षात आहे."

खरंच वाचायचे मी. चांगलं वाचायचे ना! एकेक चुकलेला शब्द ठसक्यात उच्चारायचे. मला ते पार विसरायला झालं होतं.

मी माफी मागितली. तो "जाऊ द्या बाई" म्हणाला, पण 'काही हरकत नाही' असं काही म्हणाला नाही. ते बरोबरच आहे. हरकत होतीच.

तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते अर्धंच खरं. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात हे नव्हतं. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस प्रकार केले, त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नताही. पण नव्वदच्या दशकातच आपल्या राज्यात बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती सुरू झाल्या होत्या. आमच्या शिक्षक-खोलीत तो विषय निघाला तेव्हा 'ही इंग्रजी शाळेतल्या मुलांची थेरं' म्हणून आम्ही चहा घेतला. २००७ साली 'तारे जमीन पर' आला. आम्ही सगळ्या शिक्षिका मिळून गेलो, रुमाल भिजेपर्यंत रडलो, बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं. मला तो मुलगा तेव्हाही आठवला नाही.

त्या मुलीनं, म्हणजे गॅरेजवाल्याच्या लेकीनं, सगळे पेपर लिहिले. पुढच्या वर्षी तिची बारावी होती तरी ऑक्टोबरचेही तीन लिहिले. आमच्या मुलीच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. पंख्याचा घरघराट आणि घंटा त्याला सोसत नाही, म्हणून तोही तिच्याच वेगळ्या खोलीत बसतो. पहिल्या वर्षी सगळे त्याला शिष्ट समजायचे. तो तिला सूचना-फलक वाचून दाखवतो आणि ती त्याला, कोण खरंच रागावलंय आणि कोण गंमत करतंय ते सांगते. त्याची कॉलेजकडे मागणी काय, तर बसायची जागा आदल्या दिवशी पाहू द्या. बस. एवढ्यानं त्याचं सगळं सुरळीत होतं.

असं साधं मागायलाही पुष्कळांना कोर्टात जावं लागलंय. २०२१ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की लेखनिक मिळायला चाळीस टक्के अपंगत्वाचा आकडा आड येता कामा नये. तो उमेदवार स्वतः डॉक्टर होता, लिहिताना त्याचा हात आखडायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा निकाल लागला. लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीला नीटच्या परीक्षेत हक्काचा एक तास दिला नव्हता, सगळ्यांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला. कोर्टानं तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण परीक्षा काही पुन्हा झाली नाही. ते वाचलं तेव्हा मला 'दहादा लिहून आण' आठवलं. गेलेली वर्षं कोण परत घेणार?

आता शेवटच्या वर्षाची परीक्षा संपलीय, निकाल यायचाय. मुलगी म्हणते एम.ए. करणार. म्हणजे मला अजून दोन वर्षं वाचायचंय, तोवर गळा आणि डोळे टिकू देत. आणि एक कळलं का? एम.ए.च्या पेपरला बी.ए. झालेली लेखनिक चालेल का, हे मी विचारून ठेवणार आहे! ती म्हणाली, "आजी, तुमची बोटं दुखतात. तुम्ही वाचा."

हे सगळं लिहून झाल्यावर तिला पाठवलं. तिनं ऐकलं आणि दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. एक पान मी 'बिचारी' असं लिहिलं होतं, ते काढायला लावलं.

त्याला लांबलचक वाचायला आवडत नाही, म्हणून फोन करून विचारलं, "तुझ्याबद्दल लिहिलंय. मोठ्यानं वाचून पाठवू का?" तो म्हणाला, "पाठवा." रेकॉर्ड करून पाठवलं. वाचताना दोनदा थांबावं लागलं, माझा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही आवाजातच. "ऐकलं बाई. टाका. पण गॅरेजचं नाव टाका म्हटलं असतं, जाहिरात तरी झाली असती."

नाव नाही टाकलं. असो.

तुमच्या घरात अकरावी-बारावीचं कोणी असेल तर जवळच्या कॉलेजात एकदा विचारा, लेखनिक हवाय का म्हणून. तीन-चार सकाळींचा प्रश्न असतो. आणि हो म्हटलंत तर आदल्या दुपारी फोन करून नाही म्हणू नका.